कार्डावर आपण न केलेला खर्च दिसला तर : पहिल्या तासापासून पैसे परत मिळेपर्यंत

रात्री साडेअकराला मोबाइलवर मेसेज येतो की तुमच्या क्रेडिट कार्डावरून ४८,९९९ रुपये खर्च झाले. खर्च तुम्ही केलेला नाही. बहुतेक घरांत अशा वेळी आधी चर्चा सुरू होते. मुलाला पुण्याला फोन लावला जातो, कुणीतरी म्हणतं, "सकाळी शाखेत जाऊन बघू", आणि एखादं माणूस लाजेपोटी कुणालाच काही सांगत नाही. तेवढ्या वेळात दुसरा आणि तिसरा व्यवहार होतो, आणि पहिले पैसे वॉलेटमधून एखाद्या अनोळखी खात्यात पोचून तिथून काढलेही जातात.

चोर कोण आणि तो कुठे बसला आहे, हे आपल्या हातात नसतं. तक्रार किती वाजता झाली आणि तिला कोणता क्रमांक मिळाला, हे मात्र पूर्णपणे आपल्या हातात असतं, आणि पुढे बँकेचा निर्णय मोठ्या प्रमाणात याच नोंदीवर ठरतो. म्हणून खाली सांगितलेल्या प्रत्येक पायरीला एक वही जवळ ठेवा. वेळ, फोनवर बोललेल्या माणसाचं नाव आणि तक्रार क्रमांक, या तीन गोष्टी प्रत्येक वेळी लिहायच्या.

पहिला तास

आधी कार्ड ब्लॉक करा. बँकेच्या ॲपमध्ये कार्डाच्या विभागात हे दोन मिनिटांत होतं. ॲप चालत नसेल तर कार्डाच्या मागे छापलेल्या नंबरवर फोन करा. इंटरनेटवर "अमुक बँक कस्टमर केअर" असं शोधून पहिला दिसलेला नंबर कधीही फिरवू नका. भामट्यांनी तिथे स्वतःचे नंबर पेरून ठेवलेले असतात, आणि घाबरलेला माणूस तिथे हमखास सापडतो. कार्डामागचा नंबर आजच मोबाइलमध्ये आणि घरातल्या आणखी एकाच्या मोबाइलमध्ये साठवा, कारण पाकीटच चोरीला गेलं तर कार्डाची मागची बाजू वाचायला मिळणार नाही.

ॲपमध्ये सहसा दोन पर्याय दिसतात : तात्पुरतं लॉक आणि कायमचं ब्लॉक. कार्ड घरातच कुठेतरी ठेवलं आहे, फक्त सापडत नाही, तेव्हा लॉक पुरे. अनधिकृत व्यवहार झाला असेल तर कायमचं ब्लॉक करून नवीन नंबरचं कार्ड मागवा. जुना नंबर, मुदत आणि सीव्हीव्ही (कार्डावर छापलेला छोटा गुप्त क्रमांक) कुणाच्या तरी हातात गेलेले आहेत, ते परत येत नाहीत. फोनवरच्या प्रतिनिधीला दोन गोष्टी स्पष्ट सांगा : "कार्ड ब्लॉक करा" आणि "हा व्यवहार माझा नाही, याची तक्रार नोंदवा". बरेच लोक फक्त ब्लॉक करून फोन ठेवतात. ब्लॉक केल्याने पुढचे व्यवहार थांबतात, पण झालेल्या व्यवहाराची तक्रार त्याने नोंदली जात नाही. तिचा क्रमांक वेगळा मागून घ्या.

ज्या दुकानाच्या किंवा वॉलेटच्या नावाने पैसे गेले, ते नाव मेसेजमध्ये असतं. एखाद्या मोठ्या खरेदी संकेतस्थळाचं नाव असेल तर त्यांच्या ॲपमधूनही लगेच कळवा. माल रवाना व्हायचा असेल किंवा गिफ्ट कार्ड वापरलं गेलं नसेल, तर ऑर्डर थांबू शकते.

फोनच त्यांच्या ताब्यात असेल तर

व्हॉट्सॲपवर आलेली एखादी फाइल उघडल्यानंतर हे सुरू झालं असेल, तर आधी फोनकडे बघा. नाशिकची, म्हणजे एमएच १५ ची गाडी असलेल्या माणसाला आरटीओच्या चलनाची फाइल येते, कुणाला लग्नपत्रिका, कुणाला बँकेच्या केवायसीची. नावाच्या शेवटी एपीके असतं, म्हणजे ती ॲप बसवणारी फाइल असते. ती उघडून "इन्स्टॉल" केलं की ते ॲप मेसेज वाचायची परवानगी मागतं, आणि ती दिली की ओटीपी तुमच्याआधी भामट्याला दिसतो. मग "मी ओटीपी कुणालाच सांगितला नाही" हे तुमचं म्हणणं खरंच असतं.

अशा वेळी तो फोन विमान मोडवर टाका, वायफायही बंद करा आणि कार्ड ब्लॉक करण्याचं काम दुसऱ्याच्या फोनवरून करा. त्या दुसऱ्या फोनवरून किंवा संगणकावरून नेट बँकिंगचा आणि ईमेलचा पासवर्ड बदला. संशयास्पद ॲपचा आणि त्याला दिलेल्या परवानग्यांचा फोटो काढून ठेवा. पोलिसांत तक्रार करायची असेल तर त्यांना विचारल्याशिवाय फोन रिसेट करू नका, त्यातला पुरावा जाईल. सिमकार्ड दुसऱ्या साध्या फोनमध्ये घालून कॉल फॉरवर्डिंग तपासा : *#21# फिरवल्यावर कॉल दुसरीकडे वळवले आहेत का ते दिसतं आणि ##002# ने सगळं फॉरवर्डिंग रद्द होतं. ओटीपी फोन कॉलवरही मागवता येतो, म्हणून ही तपासणी टाळू नका.

फोनची रेंज अचानक गेली आणि तासभर आलीच नाही, तर कुणीतरी तुमच्या नावाने नवीन सिम घेतलं असण्याची शक्यता धरून चाला. दुसऱ्या फोनवरून मोबाइल कंपनीला आणि बँकेला एकाच वेळी कळवा.

१९३०

कार्ड ब्लॉक झालं की लगेच १९३० ला फोन करा. केंद्रीय गृह मंत्रालयाच्या यंत्रणेतला हा राष्ट्रीय सायबर हेल्पलाइन नंबर आहे. पूर्वी तो १५५२६० होता, जुन्या पत्रकांवर अजून तोच दिसतो. इथे नोंद झाली की पैसे ज्या बँकेत किंवा वॉलेटमध्ये गेले तिथपर्यंत सूचना पोचते आणि रक्कम अजून खात्यात असेल तर ती तिथेच गोठवली जाते. पैसे या खात्यातून त्या खात्यात भराभर हलवले जातात, म्हणून इथे मिनिटांना किंमत आहे.

फोन करण्याआधी कागदावर लिहून घ्या : बँकेचं नाव, कार्डाचे शेवटचे चार अंक, व्यवहाराची तारीख-वेळ-रक्कम, मेसेजमधला व्यवहार क्रमांक, भामट्याचा मोबाइल नंबर किंवा लिंक. तुमचा पिन किंवा ओटीपी तिथे कुणाला लागत नाही. मागितला तर तुम्ही चुकीच्या जागी बोलत आहात.

लाइन व्यस्त असली तर वाट बघत बसू नका. सायबरक्राईम डॉट गव्ह डॉट इन या संकेतस्थळावर आर्थिक फसवणुकीचा विभाग आहे, तिथे थेट तक्रार भरा. फोनवर नोंद झाली असली तरी मेसेजने आलेला नोंद क्रमांक वापरून संकेतस्थळावरची तक्रार पूर्ण करायची असते. स्टेटमेंट, मेसेजचे स्क्रीनशॉट आणि ओळखपत्र तिथे जोडा. स्क्रीनशॉट काढताना पाठवणाऱ्याचं नाव आणि वेळ दिसू द्या. आणि भामट्याचा चॅट रागाच्या भरात पुसून टाकू नका, तो पुरावा आहे.

बँकेला लेखी : सगळ्यात महत्त्वाची पायरी

फोनवरच्या तक्रारीवर विसंबू नका. त्याच रात्री बँकेच्या अधिकृत ईमेलवर लेखी तक्रार पाठवा. कारण रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात ग्राहकाची जबाबदारी किती, हे दिवसांच्या हिशेबाने ठरवून दिलं आहे. सहकारी बँकांसाठी तशाच सूचना त्याच वर्षी डिसेंबरमध्ये निघाल्या. नाशिक जिल्ह्यात सहकारी बँकांचे ग्राहक खूप आहेत, त्यांनीही हे लक्षात ठेवावं.

हिशेब असा आहे. बँकेच्या चुकीने किंवा हलगर्जीपणाने पैसे गेले असतील तर तुमची जबाबदारी शून्य, तुम्ही कळवलं असो वा नसो. चूक बँकेचीही नाही आणि तुमचीही नाही, यंत्रणेत दुसरीकडे कुठेतरी माहिती फुटली, अशा प्रकरणात बँकेचा मेसेज मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं तरीही जबाबदारी शून्य. चौथ्या ते सातव्या दिवसात कळवलं तर प्रत्येक व्यवहारामागे ठरावीक मर्यादेपर्यंत नुकसान तुमचं : पाच लाखांपर्यंत मर्यादा असलेल्या क्रेडिट कार्डासाठी आणि साध्या बचत खात्यासाठी १०,००० रुपये, त्याहून मोठ्या मर्यादेच्या कार्डासाठी २५,००० रुपये, किमान शिल्लक नसलेल्या मूलभूत बचत खात्यासाठी ५,००० रुपये. व्यवहाराची रक्कम याहून कमी असेल तर तेवढीच. सात दिवसांनंतर बँकेचं स्वतःचं धोरण लागू होतं. ते धोरण प्रत्येक बँकेने संकेतस्थळावर ठेवायचं असतं. नियम अधूनमधून सुधारले जातात, म्हणून तक्रार लिहिताना तुमच्या बँकेचं चालू धोरण उघडून वाचा.

दिवस मोजताना मेसेज आला तो दिवस धरत नाहीत, आणि कामकाजाचे दिवस तुमच्या मूळ शाखेप्रमाणे मोजतात. गुरुवारी रात्री मेसेज आला आणि पुढचा शनिवार दुसरा असेल, तर शुक्रवार पहिला दिवस, शनिवार-रविवार सुटी, सोमवार दुसरा आणि मंगळवार तिसरा. हे गणित आपल्या बाजूने असलं तरी मंगळवारची वाट बघू नका. तुम्ही कळवल्यानंतर त्या कार्डावर जे नुकसान होईल ते बँकेचं असतं, आणि कळवण्याआधीचं तुमच्या गळ्यात पडू शकतं.

तक्रारीचा मजकूर साधा असावा. रागाची वाक्यं, बँकेवर आरोप, कोर्टाची धमकी यातलं काही नको. हा नमुना वापरा :

"माझ्या क्रेडिट कार्डावर (शेवटचे चार अंक ….) दि. …. रोजी …. वाजता …. रुपयांचा व्यवहार …. या नावाने दिसत आहे. हा व्यवहार मी केलेला नाही आणि कुणाला करायलाही सांगितलेला नाही. त्याचा मेसेज मला …. वाजता मिळाला. …. वाजता मी आपल्या हेल्पलाइनवर कळवून कार्ड ब्लॉक केले, तक्रार क्रमांक …. आहे. १९३० वरील नोंद क्रमांक …. आहे. अनधिकृत इलेक्ट्रॉनिक व्यवहारांबाबत रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार १० कामकाजाच्या दिवसांत ही रक्कम माझ्या खात्यात तात्पुरती जमा करावी. तक्रार निकाली निघेपर्यंत या रकमेवर व्याज, दंड किंवा इतर शुल्क आकारू नये. व्यवहाराला मंजुरी कशी मिळाली (ओटीपी, पिन, टॅप की परदेशी संकेतस्थळ), याची माहिती लेखी द्यावी."

शेवटचं वाक्य गाळू नका. तुमची चूक होती हे सिद्ध करण्याचा भार या नियमांप्रमाणे बँकेवर आहे, आणि मंजुरी कोणत्या मार्गाने झाली हे कळल्याशिवाय तुम्हाला पुढे भांडता येत नाही. ९० दिवसांत तक्रार निकाली काढणंही बँकेवर बंधनकारक आहे.

बँक तिचा डिस्प्यूट फॉर्म भरायला सांगेल. प्रत्येक व्यवहारासाठी वेगळी ओळ भरा आणि कारणांच्या यादीतला "व्यवहार मी केलेला नाही" हाच पर्याय निवडा. "माल मिळाला नाही" किंवा "दोनदा पैसे कापले" यांची प्रक्रिया वेगळी असते, चुकीचं कारण निवडलं तर तक्रार परत येते. शाखेत कागद द्यायला गेलात तर दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि सही घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका.

ओटीपी स्वतःच सांगितला असेल तर

हे स्पष्ट लिहायला हवं. फसवून का होईना, ओटीपी किंवा पिन तुम्ही स्वतः दिला असेल, तर बँक त्याला ग्राहकाचा निष्काळजीपणा मानते आणि कळवण्याआधी गेलेली पूर्ण रक्कम तुमच्यावर टाकते. म्हणून अनेकजण तक्रारीत "मी काहीच सांगितलं नाही" असं लिहितात. तसं लिहू नका. ओटीपी कोणत्या नंबरवर गेला आणि किती सेकंदांत भरला गेला याची नोंद बँकेकडे असते, कॉलची नोंद मोबाइल कंपनीकडे असते. एक वाक्य खोटं निघालं की बाकीची खरी वाक्यंही कुणी धरत नाही. काय घडलं ते क्रमाने लिहा : कोणत्या नंबरवरून फोन आला, त्याने कोणती बँक सांगितली, तुमची कोणती माहिती त्याच्याकडे आधीच होती. कार्डाची मर्यादा, जन्मतारीख किंवा शेवटचा व्यवहार त्याला ठाऊक असेल, तर ते ठळकपणे लिहा, कारण ती माहिती तुमच्याकडून गेलेली नाही.

आणि याही परिस्थितीत १९३० चा रस्ता पूर्ण उघडा असतो. बँक भरपाई देवो न देवो, गोठवलेली रक्कम तुम्हाला मिळू शकते. लाज वाटून गप्प बसलेल्या माणसाचे पैसे मात्र कुणी शोधत नाही. घरातल्या कुणाकडून असं झालं असेल तर त्या रात्री त्यांना बोलू नका. बोलणी खाल्लेलं माणूस अर्धी माहिती लपवतं, आणि नेमकी तीच तक्रारीत लागते.

पोलीस ठाणे

नाशिक शहर पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत, म्हणजे पंचवटी, सातपूर, अंबड, इंदिरानगर, नाशिकरोड, देवळाली कॅम्प इथे राहणाऱ्यांसाठी शहराचं सायबर पोलीस ठाणं आहे. सिन्नर, निफाड, दिंडोरी, येवला, त्र्यंबकेश्वरकडच्या लोकांसाठी नाशिक ग्रामीण पोलिसांचं वेगळं सायबर पोलीस ठाणं आहे. पण हद्दीचा प्रश्न तक्रार घेण्याच्या आड येऊ नये, असं कायदाच सांगतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कुठेही घडला असला तरी कोणत्याही पोलीस ठाण्यात माहिती देता येते, आणि एफआयआरची प्रत तक्रारदाराला मोफत मिळते. घेतच नसतील तर वरिष्ठ अधिकाऱ्यांना टपालाने लेखी तक्रार पाठवण्याची तरतूदही त्याच कलमात आहे.

अशा प्रकरणांत सहसा माहिती तंत्रज्ञान कायदा २००० ची ६६क आणि ६६ड ही कलमं लागतात, इंग्रजी क्रमाने सी आणि डी. पहिलं दुसऱ्याची इलेक्ट्रॉनिक ओळख वापरण्यासाठी, दुसरं संगणक किंवा मोबाइल वापरून तोतयेगिरीने फसवण्यासाठी. दोन्हींत तीन वर्षांपर्यंत कैद आहे. या कायद्याखालचा तपास पोलीस निरीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाचा अधिकारीच करतो, त्यामुळे जवळच्या ठाण्यातून सायबर ठाण्याकडे पाठवलं तर तो टाळाटाळीचा प्रकार असेलच असं नाही. जाताना स्टेटमेंट, स्क्रीनशॉट, १९३० चा क्रमांक आणि बँकेला पाठवलेल्या ईमेलची छापील प्रत, सगळ्याचे दोन संच न्या.

कुठल्या खात्यात किती रक्कम गोठली, हे तपास अधिकाऱ्याकडून लेखी मिळवा. ती परत मिळण्यासाठी न्यायालयाचा आदेश लागू शकतो. अर्ज साधा असतो, पण तो आपण केला पाहिजे. रक्कम गोठल्यावर ती आपोआप खात्यात येईल म्हणून लोक महिनोन्‌महिने बसून राहतात. वकिलाचा खर्च परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे मोफत मदतीची चौकशी करा.

बिल आलं की

तक्रार चालू असताना महिन्याचं बिल येतंच. त्यात वादातली रक्कमही धरलेली असू शकते. म्हणून सगळंच बिल थकवू नका. तुमचा स्वतःचा खर्च वेळेत भरा आणि बँकेला लेखी कळवा की अमुक रक्कम अमुक तक्रार क्रमांकाखाली वादात असल्याने भरलेली नाही. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या क्रेडिट कार्ड नियमांत स्पष्ट आहे की ग्राहकाने फसवणूक म्हणून हरकत घेतलेल्या व्यवहारावर निकाल लागेपर्यंत शुल्क लावता येत नाही. बिलावर हरकत घेतली तर ३० दिवसांत स्पष्टीकरण देणंही बँकेवर बंधनकारक आहे. व्याज लावलंच तर त्या ओळीचा स्क्रीनशॉट काढून त्याच ईमेलच्या साखळीत उलटवण्याची मागणी करा. नवीन ईमेल सुरू करू नका, सगळा पत्रव्यवहार एकाच साखळीत राहू द्या.

वसुलीचे फोन सुरू झाले तर सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर ते करता येत नाहीत. तक्रार क्रमांक सांगा, पुढचं बोलणं लेखी करा म्हणून सांगा आणि फोन ठेवा.

बँकेने ३० दिवसांत उत्तर दिलं नाही, किंवा दिलेलं उत्तर पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. सीएमएस डॉट आरबीआय डॉट ओआरजी डॉट इन या संकेतस्थळावर तक्रार भरता येते, पैसे लागत नाहीत, वकीलही लागत नाही. माहितीसाठी १४४४८ हा टोल-फ्री नंबर आहे. आधी बँकेकडे लेखी तक्रार केलेली असणं ही पूर्वअट आहे, म्हणूनच तो पहिल्या रात्रीचा ईमेल इतका मोलाचा. पतसंस्थेतले पैसे गेले असतील तर हा रस्ता चालत नाही, कारण पतसंस्था रिझर्व्ह बँकेच्या नियंत्रणात येत नाहीत, त्या सहकार खात्याकडे येतात. तिथे तक्रार उपनिबंधक कार्यालयात.

या काळात आणखी एक फोन येण्याची शक्यता आहे. "सायबर सेलमधून बोलतोय, तुमची रक्कम सापडली, प्रोसेसिंग फी भरा." फसलेल्या लोकांच्या याद्या पुढे विकल्या जातात आणि समाजमाध्यमांवर मदत मागणाऱ्यांना असे "रिकव्हरी एजंट" लगेच गाठतात. पैसे परत देण्यासाठी पोलीस, रिझर्व्ह बँक किंवा लोकपाल यांच्यापैकी कुणीही फी मागत नाही. व्हिडिओ कॉलवर अटक करण्याची तरतूदही कोणत्याच कायद्यात नाही.

पुढच्या वेळेसाठी दार बंद करणं

सगळ्यात जास्त फायदा ॲपमधल्या एका पानावरून होतो, आणि फार थोडे लोक ते उघडतात. २०२० पासून प्रत्येक कार्डाला परदेशी व्यवहार, ऑनलाइन व्यवहार, टॅप आणि एटीएम यांची वेगवेगळी बटणं आणि मर्यादा देणं बँकांना सक्तीचं आहे. परदेशी व्यवहार बंद करा. अनेक परदेशी संकेतस्थळांवर ओटीपी विचारत नाहीत, नंबर, मुदत आणि सीव्हीव्ही पुरतो, आणि बऱ्याच चोऱ्या त्याच दारातून होतात. परदेशात जाल तेव्हा चार दिवस चालू करा. क्रेडिट कार्डाने एटीएममधून रोख काढणं तसंही महाग पडतं, ते बंद. टॅपने पिनशिवाय ५,००० रुपयांपर्यंत जाऊ शकतात, तिथली मर्यादा हजार-दोन हजारांवर आणा किंवा टॅप बंद ठेवा. ऑनलाइन व्यवहार लागतातच, तर महिन्याच्या गरजेएवढीच मर्यादा ठेवा. दिवाळीत वाढवा, नंतर उतरवा.

पेट्रोल पंपावर, रविवार कारंजाच्या गर्दीत किंवा हॉटेलात कार्ड नजरेआड जाऊ देऊ नका, मशीन टेबलापाशी मागवा. कार्डाचे फोटो गॅलरीत किंवा व्हॉट्सॲपवर ठेवू नका. लॉक असलेल्या पडद्यावर मेसेजचा मजकूर दिसत असेल तर ते बंद करा, फोन चोरणाऱ्याला ओटीपी वाचायला पडदा उघडावाही लागत नाही. सिमला पिन लावा. ईमेलला द्विस्तरीय पडताळणी लावा, कारण स्टेटमेंट आणि पासवर्ड बदलायच्या लिंका सगळ्या तिथेच येतात. दर महिन्याला आपोआप कापल्या जाणाऱ्या वर्गण्यांची यादी ॲपमध्ये बघा. नियमाप्रमाणे १५,००० रुपयांपर्यंतची अशी रक्कम दर वेळी ओटीपी न विचारता कापता येते. कापण्याच्या २४ तास आधी सूचना येते, ती न वाचता पुसू नका.

बँकेच्या नावाने येणाऱ्या फोनसाठी घरात एकच नियम करा : फोन ठेवायचा आणि कार्डामागच्या नंबरवर आपण फोन करायचा. रिवॉर्ड पॉइंट संपताहेत, मर्यादा वाढवतो, वार्षिक फी माफ करतो, तुमच्या कार्डावर विमा चालू झालाय तो बंद करतो, या चारांपैकी काहीतरी सांगतील. खऱ्या बँकेचं काम अर्ध्या तासाने केलं तरी बिघडत नाही. बँकांच्या सेवाविषयक फोनसाठी १६०० ने सुरू होणारे नंबर ठरवले आहेत आणि बँकांची संकेतस्थळं आता "डॉट बँक डॉट इन" या शेवटावर आहेत. साध्या दहा आकडी मोबाइल नंबरवरून आलेला "बँकेचा" फोन तिथेच संपवा. वीज आज रात्री तोडणार म्हणून येणारा मेसेजही त्याच जातीचा. बिल महावितरणच्या ॲपमध्ये स्वतः जाऊन बघा. संशयास्पद फोन आणि मेसेज दूरसंचार विभागाच्या संचार साथी संकेतस्थळावर चक्षू या विभागात कळवता येतात.

नाशिककरांनी आता आणखी एका गोष्टीकडे डोळे उघडे ठेवायला हवेत. ३१ ऑक्टोबर २०२६ ला सिंहस्थाचं ध्वजारोहण आहे आणि २ ऑगस्ट २०२७ ला पहिलं अमृतस्नान. प्रयागराजच्या २०२५ च्या कुंभात तंबू आणि खोल्यांच्या बुकिंगची बनावट संकेतस्थळं निघाली होती. इथेही रामकुंडाजवळची खोली किंवा त्र्यंबकेश्वरच्या पूजेचं बुकिंग या नावाने तसं होऊ शकतं. बाहेरगावचे नातेवाईक तुम्हालाच विचारतील. त्यांना लिंक पुढे पाठवण्याआधी त्या लॉजला किंवा गुरुजींना ओळखीच्या नंबरवर फोन करा, शक्य असेल तर पंचवटीत समक्ष जाऊन या. खोली खरी आहे ना, हे गावात राहणारा माणूस तासाभरात सांगू शकतो. बाहेरून येणाऱ्याला ते जमत नाही.

ज्येष्ठांसाठी वेगळी व्यवस्था करा. ठेवी आणि पेन्शन ज्या खात्यात आहेत त्याचं डेबिट कार्ड ऑनलाइनसाठी बंद ठेवा. रोजच्या खर्चाला कमी मर्यादेचं क्रेडिट कार्ड किंवा छोटी शिल्लक ठेवलेलं दुसरं खातं द्या. क्रेडिट कार्डावर वाद झाला तर पैसे अजून बँकेचे असतात. डेबिट कार्डावर वाद झाला तर महिन्याचा घरखर्चच गेलेला असतो. आधारचं बायोमेट्रिक आधारच्या ॲपमधून लॉक करता येतं, म्हणजे बोटाच्या ठशावर पैसे काढता येत नाहीत.

घटनेनंतर महिन्याभराने आणि पुन्हा सहा महिन्यांनी क्रेडिट अहवाल मागवा. सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि सीआरआयएफ हाय मार्क या चारही कंपन्यांकडून वर्षाला एक पूर्ण अहवाल मोफत मिळतो, म्हणजे एकीकडून आता आणि दुसरीकडून नंतर असा घेता येतो. त्यात तुम्ही न काढलेलं कर्ज, न मागितलेलं कार्ड किंवा अनोळखी कंपनीने केलेली चौकशी दिसली, तर त्या कंपनीला आणि कर्ज देणाऱ्या संस्थेला, दोघांनाही लेखी हरकत पाठवा. ३० दिवसांत दुरुस्ती किंवा निकाल झाला नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसामागे १०० रुपये भरपाई मागण्याचा हक्क आहे. हरकतीची तारीख त्याच वहीत लिहून ठेवा.